गाजर गवत नेमके काय बिघडवते?

पहिले दोन-तीन पाऊस पडून गेले की महाराष्ट्रातील रस्त्यांच्या कडा, रेल्वेरुळांलगतचे पट्टे, रिकामे भूखंड, शेतांचे बांध आणि गावांबाहेरचे उकिरडे एकाच वनस्पतीने भरून जातात. तिची पाने गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली असतात आणि साधारण महिन्याभरात तिच्या शेंड्यांवर बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. कोणी तिला गाजर गवत म्हणते, कोणी काँग्रेस गवत, कोणी चटकचांदणी. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस असे आहे आणि ती गवत नसून सूर्यफूल, झेंडू व शेवंती यांच्या कुळातील आहे. मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा प्रदेश आणि मध्य अमेरिका हे तिचे मूळ घर. आज भारतात सुमारे 350 लाख हेक्टर क्षेत्रावर ती पसरली असल्याचा अंदाज तणशास्त्रज्ञांनी मांडलेला आहे. संपूर्ण महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे 308 लाख हेक्टर आहे, हे लक्षात घेतले की या आकड्याचा आवाका कळतो.

एखादी वनस्पती बाहेरून आली म्हणून ती घातक ठरत नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. मिरची, मका, टोमॅटो, बटाटा, भुईमूग, पेरू आणि सीताफळ या सगळ्यांचे मूळ अमेरिका खंडांतच आहे. यांपैकी बहुतेकांना आपण पेरले, पाणी दिले, राखण केली तरच ती टिकतात, आणि शेत ओसाड सोडले तर दोन-चार हंगामांत नाहीशी होतात. आक्रमक परकी प्रजाती या संज्ञेचा अर्थ याहून वेगळा आहे. माणसाच्या हातून, जाणूनबुजून किंवा नकळत, नव्या प्रदेशात पोहोचलेली, तेथे कोणाच्याही मदतीशिवाय वाढणारी, वेगाने पसरणारी आणि पसरताना तेथील इतर जीवांचे किंवा माणसांचे नुकसान करणारी प्रजाती म्हणजे आक्रमक प्रजाती. यातील शेवटची अट महत्त्वाची आहे. केवळ परकेपणावरून एखाद्या झाडाला शत्रू ठरवणे हा आळशीपणा झाला; ते झाड येथे काय करते, यावरून निवाडा व्हायला हवा.

गाजर गवताच्या आगमनाची कथा महाराष्ट्राशी जोडलेली आहे. हे तण 1955 मध्ये पुण्यात आढळले आणि त्याची नोंद 1956 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अमेरिकेतून पी.एल. 480 या योजनेखाली आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे आजही सर्रास सांगितले जाते. मात्र तारखा ताडून पाहिल्या तर ही गोष्ट जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. त्या योजनेखालील भारताचा पहिला करार ऑगस्ट 1956 मध्ये झाला, म्हणजे हे तण पुण्यात आढळल्यानंतर. अर्थात त्यापूर्वीही, 1951 च्या कर्जाऊ मदतीतून, अमेरिकी धान्य भारतात आले होते, त्यामुळे धान्यातून बी आले असण्याची शक्यता कायम राहते. फक्त तिचे खापर एका विशिष्ट योजनेवर फोडणे घाईचे आहे. शिवाय या वनस्पतीचे एकोणिसाव्या शतकातील नमुने आणि उल्लेखही संशोधकांनी दाखवून दिले आहेत, आणि 1880 मधील डेहराडून येथील नमुना त्यांतलाच. बी एखाद्या देशात पोहोचणे आणि त्या बियांचे रान माजणे या दोन घटनांमध्ये कित्येक दशकांचे अंतर असू शकते. आक्रमक वनस्पतींच्या बाबतीत हे वारंवार घडते, आणि म्हणूनच ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हा युक्तिवाद फारसा उपयोगाचा नसतो.

पुण्यातील नोंदीनंतर अवघ्या काही दशकांत हे तण देशभर पोहोचले. हा वेग समजून घेण्यासाठी त्याच्या जीवनक्रमाकडे पाहावे लागते. एका चांगल्या वाढलेल्या झाडापासून साधारण 15 ते 25 हजार बिया तयार होतात, आणि अनुकूल परिस्थितीत हा आकडा त्याच्या कितीतरी पट होतो. बी इतके हलके असते की वाऱ्याने, पुराच्या पाण्याने, ट्रकच्या चाकांना लागलेल्या चिखलाने, मुरूम-वाळूच्या वाहतुकीतून, कडब्यातून आणि शेणखतातून ते सहज प्रवास करते. उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत झाड फुलावर येते. बहुतेक रानटी वनस्पती दिवसाच्या लांबीनुसार किंवा ठरावीक ऋतूत फुलतात. हे तण ओलावा मिळाला की वर्षातून केव्हाही फुलते, त्यामुळे कालव्याच्या किंवा सांडपाण्याच्या काठी त्याच्या एका वर्षात अनेक पिढ्या होतात. मातीत खोल गेलेल्या बिया कित्येक वर्षे जिवंत राहतात आणि नांगरटीने वर आल्या की उगवतात. यंदा शेत स्वच्छ केले म्हणून पुढच्या वर्षी ते स्वच्छ राहील याची शाश्वती नसण्याचे कारण हेच.

दुसरे कारण शत्रूंच्या अभावाचे. मेक्सिकोत या झाडाची पाने, खोड, कळ्या आणि बिया खाणारे अनेक कीटक व त्यावर वाढणाऱ्या बुरशी आहेत, आणि त्यांच्यामुळे तेथे ते इतर अनेक रोपांपैकी एक म्हणून राहते. समुद्र ओलांडून बी आले, शत्रू मात्र मागेच राहिले. आपल्याकडील कीटकांना त्या झाडाची ओळख नव्हती आणि त्यातील कडू रसायनांमुळे ते त्याच्या वाटेला गेले नाहीत. ज्या ऊर्जेचा मोठा वाटा एरवी पाने पुन्हा फुटवण्यात खर्च झाला असता, तो येथे बी तयार करण्याकडे वळला.

तिसरे कारण रासायनिक आहे. गाजर गवताच्या सर्व भागांत, विशेषतः पानांवरील व फुलांवरील सूक्ष्म केसांमध्ये, पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. ते आणि त्याच्या जोडीची काही आम्ले मुळांतून, कुजणाऱ्या पानांतून आणि पावसाने धुऊन जाऊन मातीत उतरतात व शेजारच्या बियांची उगवण आणि मुळांची वाढ रोखतात. त्याचे परागकण इतर झाडांच्या फुलांवर पडले तर फलधारणाही घटू शकते. मका, टोमॅटो, वांगी आणि मिरची यांच्यावर असे परिणाम प्रयोगांत दिसून आले आहेत.

मात्र चौथे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि नेमके तेच आपल्या बोलण्यात क्वचित येते. दाट, अखंड गवताळ आच्छादन असलेल्या जमिनीत गाजर गवताला शिरकाव करणे जड जाते. त्याला हवी असते उघडी माती. रस्ता रुंदीकरणासाठी खरवडलेली कडा, बिगरशेती करून कुंपण घालून ठेवलेला भूखंड, अतिचराईने उघडे पडलेले गायरान, खणून तसाच सोडलेला चर, राडारोडा टाकलेली टेकडी, ही त्याची खरी वसतिस्थाने. म्हणजे त्याच्या प्रसाराचा नकाशा बऱ्याच अंशी आपण जमीन कोठे कोठे विस्कटली आहे याचाच नकाशा आहे. केवळ तणाला दोष देऊन ते आटोक्यात न येण्याचे मूळ येथे आहे.

परिसंस्थेवरील परिणाम सर्वांत ठळकपणे माळरानांवर दिसतो. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, सातारा या जिल्ह्यांच्या कमी पावसाच्या भागातील माळराने सरकारी दप्तरात बहुधा पडीक म्हणून नोंदलेली असतात. प्रत्यक्षात पवन्या, शेडा, मारवेल अशी गवते, त्यांवर जगणारे नाकतोडे, त्या नाकतोड्यांवर जगणारे चंडोल व तणमोर, तसेच ससे, खोकड आणि लांडगे अशी त्यांची भरगच्च साखळी असते. चराईचा ताण वाढून गवत विरळ झाले की मोकळ्या जागेत गाजर गवत उगवते. जनावरे उरलेसुरले गवत खातात आणि गाजर गवताला तोंड लावत नाहीत; त्यामुळे प्रत्येक चराईनंतर गवत आणखी घटते आणि तणाचा वाटा वाढतो. काही हंगामांत गवताची जागा अशी वनस्पती घेते की जिच्यावर येथील फारच थोडे कीटक पोसले जातात. माळ लांबून पूर्वीइतकाच हिरवा दिसतो, पण त्यावर जगणाऱ्यांच्या दृष्टीने तो रिकामा झालेला असतो. मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगरांना आणि गायरानावर दोन-चार जनावरे पाळणाऱ्या भूमिहीन कुटुंबांना याची झळ आधी लागते, कारण चारा विकत घेण्याची ऐपत त्यांच्याकडे सर्वांत कमी असते.

जनावरे हे तण टाळतात, पण दुष्काळात किंवा कापून आणलेल्या वैरणीत मिसळून ते त्यांच्या पोटात जाते. मोठ्या प्रमाणात खाल्ले गेल्यास तोंडात व आतड्यांत व्रण पडतात, कातडीवर चट्टे उठतात, आणि आहारात त्याचे प्रमाण वाढवून केलेल्या प्रयोगांत जनावरे दगावल्याचीही नोंद आहे. दुधाला कडवट चव येते, ही तक्रार अनेक दूध उत्पादकांच्या ओळखीची आहे.

पिकांचे नुकसान दोन मार्गांनी होते. सरळ मार्ग म्हणजे पाणी, प्रकाश आणि अन्नद्रव्ये यांसाठीची स्पर्धा. इथिओपियात ज्वारीवर झालेल्या चाचण्यांत तण तसेच राहू दिल्यास उत्पादन 40 ते 97 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ही घट टाळायची तर खुरपणीचा खर्च वाढतो. आडमार्गाने होणारे नुकसान लक्षात यायला अधिक कठीण असते. आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात 2000 साली भुईमुगावर खोड करपण्याच्या रोगाची मोठी साथ आली, सुमारे 2.25 लाख हेक्टरवरील पीक बाधित झाले आणि नुकसान 300 कोटी रुपयांहून अधिक असल्याचा अंदाज करण्यात आला. हा रोग टोबॅको स्ट्रीक नावाच्या विषाणूमुळे होतो. तपासात असे दिसले की गाजर गवताला या विषाणूची लागण झाली तरी त्यावर कोणतीही लक्षणे दिसत नाहीत. विषाणू त्याच्या परागकणांत असतो, ते परागकण फुलकिड्यांच्या अंगाला चिकटून किंवा वाऱ्याने भुईमुगावर येतात, आणि फुलकिडे पान खरवडतात तेव्हा त्या जखमेतून विषाणू आत शिरतो. सूर्यफुलावरील अशाच रोगाचाही हाच स्रोत आहे. म्हणजे शेतातील पीक कितीही स्वच्छ ठेवले तरी बांधावरचे निरोगी दिसणारे तण रोगाचे कोठार असू शकते. कापसावरील पिठ्या ढेकूण ही स्वतःच उत्तर अमेरिकेतून आलेली कीड. कापूस शेतात नसतो त्या काळात ती गाजर गवतावर तग धरते. एका परक्या प्रजातीने दुसरीला आसरा द्यावा, हे आक्रमणांच्या अभ्यासात नवे नाही.

माणसाच्या आरोग्यावरील परिणामांचा इतिहासही पुण्यापासून सुरू होतो. या तणामुळे होणाऱ्या त्वचारोगाचे रुग्ण 1970 च्या दशकात पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञांनी वैद्यकीय साहित्यात मांडले. हा त्रास विषबाधेसारखा पहिल्याच स्पर्शात होत नाही. पार्थेनिनचा त्वचेशी वारंवार संपर्क येत राहिला की शरीराची संरक्षण यंत्रणा त्याला शत्रू म्हणून ओळखू लागते. हे व्हायला काही महिने किंवा काही वर्षेही लागू शकतात. एकदा ती ओळख पक्की झाली की नंतरच्या प्रत्येक संपर्कानंतर साधारण एक-दोन दिवसांनी खाज, लाली, पुरळ आणि पाणी सुटणे सुरू होते. झाडाला हात लावण्याचीही गरज राहत नाही, कारण वाळलेल्या झाडाचे सूक्ष्म केस व चुरा हवेतून अंगावर येतो. त्यामुळे चेहरा, पापण्या, मान आणि कोपराचे खळगे हे उघडे किंवा घाम साचणारे भाग आधी बाधित होतात. त्रास वर्षानुवर्षे चालू राहिला तर त्वचा जाड व काळपट होते आणि काहींना उन्हात जाणेही असह्य होते. ‘इतकी वर्षे हाताने उपटतोय, मला काही होत नाही’ असे म्हणणाऱ्या माणसाला म्हणूनच सावध करावे लागते. आजवर काही झाले नाही याचा अर्थ पुढे होणार नाही असा नाही. परागकणांमुळे शिंका, नाक वाहणे, डोळ्यांची आग आणि दमा वाढणे हा वेगळ्या प्रकारच्या ॲलर्जीचा त्रास असून तो शहरांतही आढळतो. खुरपणीचे काम आपल्याकडे बहुतांशी स्त्रिया करतात, आणि त्यांच्या हातात मोजे असल्याचे दृश्य दुर्मीळ आहे.

भारताची ही एकट्याची कहाणी नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात हे तण टेक्सासहून आणलेल्या गवताच्या बियाण्यातून पसरले, आणि तेथे 1977 पासून नऊ जातींचे कीटक व दोन प्रकारचे तांबेरा रोग त्याच्यावर सोडण्यात आले. शिवाय बाधित भागातून बाहेर जाणारी वाहने आणि कापणी यंत्रे धुण्याची व्यवस्था केली गेली. पूर्व आफ्रिकेत, पाकिस्तानात, नेपाळमध्येही ते पसरले आहे.

शत्रू मागे राहिले म्हणून तण माजले असेल, तर तो शत्रू येथे आणावा, हा जैविक नियंत्रणाचा विचार. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने 1983 मध्ये मेक्सिकोतून एक भुंगा आणला आणि चाचण्यांनंतर 1984 पासून तो सोडण्यात आला. झायगोग्रामा बायकलोराटा हे त्याचे शास्त्रीय नाव. मळकट पांढऱ्या पंखांवर तपकिरी पट्टे असलेला हा जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचा भुंगा आणि त्याची अळी दोन्ही गाजर गवताची पाने खातात. महाराष्ट्रातही पावसाळ्यात शिरा तेवढ्या उरलेली गाजर गवताची झाडे दिसतात, ती बहुधा याच्यामुळे. मात्र थंडी आणि उन्हाळ्यात भुंगा जमिनीत निद्रिस्त राहतो, तण मात्र ओलाव्यावर वाढतच असते. त्यामुळे तो भार हलका करतो, निर्मूलन करत नाही.

अशा वेळी ‘आणखी कीटक आणा’ हा उपाय सोपा वाटतो, पण त्याला कडक चाळणी लागते. खोडात गाठी करणारा एक पतंग ऑस्ट्रेलियात यशस्वी ठरला होता. तो भारतात आणून बंदिस्त प्रयोगशाळेत तपासला असता तो कारळ्यावरही आपला जीवनक्रम पूर्ण करू शकतो असे दिसले, आणि तो सोडण्याचा विचार सोडून देण्यात आला. ऑस्ट्रेलियात कारळ्याचे पीक महत्त्वाचे नाही, आपल्याकडे आदिवासी भागात ते नगदी उत्पन्न आहे. एका देशातला मित्र दुसऱ्या देशात कीड ठरू शकतो. मेक्सिकन भुंग्यावरही 1990 च्या दशकात असाच संशय आला होता, कारण कर्नाटकात तो सूर्यफुलाच्या पानांवर आढळला. चौकशीत तो सूर्यफुलावर टिकणारी कीड नाही, आणि गाजर गवताचे परागकण पडलेल्या पानांकडे तो वळतो, असे निष्पन्न झाले. शंका घेतली गेली आणि ती तपासली गेली, हे योग्यच झाले.

दुसरा मार्ग जागा अडवण्याचा. टाकळा, ज्याला विदर्भात तरोटा म्हणतात, दाट उगवला तर गाजर गवताला वर येऊ देत नाही. त्याचे बी पावसाआधी टाकण्याची शिफारस अनेक वर्षांपासून केली जाते, आणि कोवळ्या पाल्याची भाजी होते हा वरचा फायदा. झेंडूचाही असा उपयोग होतो. येथे एक इशारा मात्र आवश्यक आहे. टाकळ्यासारखाच दिसणारा त्याचा एक नातलग, दुसरा कॅसिया, कर्नाटकात आणि पुणे परिसरात गाजर गवताला मागे सारताना दिसला, तेव्हा त्याचे बरेच कौतुक झाले. पण तोही उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेला असून आता टेकड्यांवर स्वतःचेच रान माजवू लागला आहे. बी टाकण्यापूर्वी ते कोणत्या जातीचे आहे हे जाणकाराकडून खात्री करून घेणे म्हणूनच गरजेचे ठरते.

मिठाचे दाट द्रावण फवारण्याचा सल्लाही ऐकू येतो. त्याने तण जळते, पण मीठ मातीत राहते. पेव्हर ब्लॉकच्या फटींसाठी ते ठीक, शेतासाठी किंवा माळासाठी नाही. ग्लायफोसेटसारखी तणनाशके परिणामकारक असली तरी ती आजूबाजूचे गवतही मारतात आणि पुन्हा उघडी माती मागे ठेवतात. शिवाय ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित करण्याचा आदेश काढला होता.

उरते ते उपटणे. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातर्फे दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट हा गाजर गवत जनजागृती सप्ताह पाळला जातो, आणि त्या निमित्ताने शाळा-महाविद्यालयांत उपटण्याचे कार्यक्रम होतात. हेतू चांगला असला तरी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पहिल्या पावसात उगवलेली झाडे फुलून बी टाकू लागलेली असतात, आणि फुललेले झाड ओढत नेले की बी वाटभर सांडते. त्याऐवजी जून-जुलैत, पावसाने माती मऊ असताना आणि कळ्या येण्यापूर्वी, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तोंडाला फडके बांधून झाडे मुळासकट काढावीत. वरून कापलेले झाड पुन्हा फुटते. ज्यांना एकदा या तणाचा त्रास झाला आहे त्यांनी हे काम करूच नये. फुलावर न आलेली झाडे खड्ड्यात शेण व मातीच्या थरांसह दाबून ठेवली तर काही महिन्यांत चांगले खत होते. फुललेली झाडे खतात घालणे टाळावे, अन्यथा बी शेणखताबरोबर शेतात परत येते. आणि ज्या दिवशी जागा मोकळी होईल त्याच आठवड्यात तेथे काहीतरी पेरावे: शेतात ताग किंवा धैंचा, गायरानात मारवेल किंवा पवन्या, रिकाम्या भूखंडात निदान खात्रीचा टाकळा. गायरानावर गवत मूळ धरेपर्यंत एक-दोन हंगाम चराई बंद ठेवावी लागते, आणि त्या काळात गावातील जनावरांच्या चाऱ्याची सोय कोण करणार हे ग्रामसभेत आधीच ठरवावे लागते.